शेलारकाकांनी न फेकलेलं पुस्तक

शेलारकाकांची आणि माझी ओळख एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीने करून दिली. काकांनी ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून भिरकावली आणि ती माझ्या खांद्यावर येऊन आदळली. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मी खाली स्कूटर पुसत होते. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुस्तक उचललं आणि तशीच तरातरा जिना चढले, कारण आमच्या घराण्यात कुणी अंगावर काही फेकलं तर ते परत नेऊन देण्याची आणि चार शब्द ऐकवण्याची पद्धत आहे.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या माणसाने. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. हात असे की मी आधी ते हातच पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर पांढुरके चट्टे होते, आणि बोटं इतकी जाड की त्या बोटांनी पान कसं उलटतं असा प्रश्न पडावा.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं म्हणजे काय! डोक्यात बसलं असतं तर?"

"तर मेली असतीस," ते सरळ म्हणाले. "आत ये. सुमन, बरफ आण!"

माझी चार शब्दांची तयारी तिथेच बारगळली. सुमनकाकूंनी रुमालात बर्फ गुंडाळून माझ्या खांद्यावर धरला आणि काका माझ्यासमोर तेच पुस्तक उघडून उभे राहिले.

"हे बघ. राजा राणीच्या थोबाडीत देतो. आणि राणी काय करते? लाजते! आखं पान लाजते. आता हे पुस्तक फेकू नको तर काय आरती करू त्याची?"

मी म्हटलं, "फेका, पण खाली बघून फेका."

"ते बराबर," काका म्हणाले. पण 'सॉरी' नाही, 'माफ कर' नाही, काहीच नाही. मला राग आला, तो मी चेहऱ्यावर दिसूही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर काका उभे, खाली रिक्षा उभी.

"दुखतंय अजून? चाल, हाडाच्या डॉक्टरकडे."

एक्सरे काढला, हाड शाबूत निघालं. येताना रिक्षात मी म्हटलं, "काका, एवढं सगळं करण्यापेक्षा सॉरी म्हटलं असतं तर स्वस्तात सुटला असता."

"माफी मागणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं," ते म्हणाले. "मार पण तुलाच, आणि वर मला माफ करायचं काम पण तुलाच? मी मारलं, मी दवाखान्यात नेलं. तुला काय वाटायचं ते वाटू दे."

हे वाक्य तेव्हा मला उर्मटपणाचा कळस वाटलं होतं.

शेलारकाका मूळचे सातारकडचे. आयटीआय करून नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे फोरमन होऊन निवृत्त झाले. आमचं घराणं बडोद्यात संस्थानच्या वेळेपासूनचं. पणजोबा दरबारी कारकून होते, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे अजून नाकं वर असतात. काका त्यावरून मला छेडत. "तुम्ही सरकारी मराठी, आम्ही ॲसिडचे मराठी," असं म्हणत. त्यांच्या बोलण्यात सातारा आणि गुजराती असं काही घोटलेलं असायचं की भांडताना समोरच्याला कुठल्या भाषेत उत्तर द्यावं हेच सुचत नसे.

वाचायचे मात्र फक्त मराठी, आणि वाचायचे उभ्याने. गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून, एक पाय दुमडून. पुस्तक पसंत नसलं की त्याच्या शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. किरकोळ गुन्ह्याला सोफा, जरा मोठ्याला फरशी, आणि अक्षम्य गुन्ह्याला गॅलरी. मग काकू पिशवी घेऊन खाली उतरायच्या, पुस्तक उचलायच्या, झटकायच्या आणि वर न्यायच्या. त्यांना यात काही वावगं वाटायचं असं दिसलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "पुस्तकांवर निघतंय ते बरंय." मी हसले. काकू हसल्या नाहीत, पण त्याचा अर्थ मला खूप उशिरा लागला.

काकांची साहित्याची समज काही फार थोर होती असं मी म्हणणार नाही. कविता त्यांना सरसकट लबाडी वाटायची. विनोदी पुस्तकात नक्की कुठे हसायचं हे ते काकूंना विचारून घ्यायचे. कितीतरी चांगली पुस्तकं त्यांनी केवळ हट्टापायी फरशीवर आपटली. पण एका बाबतीत त्यांचं नाक कुत्र्यासारखं होतं. पुस्तकात कुणी कुणाला मारलं, की ते मारणं खरं आहे की खोटं हे त्यांना तत्काळ कळायचं. टीव्हीवरच्या मालिकेत नवऱ्याने बायकोला थोबाडीत मारली आणि मागे सतारी वाजायला लागल्या, की काका उठून बटण बंद करायचे. "मारल्यावर गाणं वाजत नाही," म्हणायचे. "मारल्यावर कुकरची शिट्टी ऐकू येते. शेजाऱ्याचा रेडिओ ऐकू येतो. सगळं जसंच्या तसं चालू असतं, त्याचीच तर भीती."

हे त्यांना कसं माहीत, असं मी विचारलं नाही. कारखान्यातली गोष्ट मात्र मला माहीत होती, कारण ती ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

कारखान्यात टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा असला, की त्या टाकीला येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घालायचं. आत उतरणाऱ्याने स्वतःचं कुलूप स्वतः घालायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवून उतरायचं. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढेपर्यंत फोरमन, मॅनेजर, खुद्द मालक, कुणालाही ते उघडायचा हक्क नाही. काम अडलं तर अडलं. "ज्याचं कुलूप त्याची चावी," हे काका देवाचं नाव घ्यावं तसं म्हणत.

एके दिवशी रमणभाई नावाचा त्यांचा सोबती टाकीत उतरला होता. वर उत्पादन खोळंबलं होतं. शिफ्टच्या साहेबाने मोठा कटर मागवला आणि रमणभाईचं कुलूप तोडून व्हॉल्व्ह उघडला. त्याला वाटलं, आतला माणूस एव्हाना वर आला असेल. रमणभाई आतच होता. गरम ॲसिड त्याच्या पाठीवर पडलं. काकांनी त्याला दोरीने वर ओढला तेव्हा सदरा आणि कातडी वेगळी राहिली नव्हती. काकांच्या हातावरचे चट्टे त्या ओढण्याचे. रमणभाईला ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर काका ऑफिसात गेले आणि त्यांनी त्या साहेबाला मारायला सुरुवात केली. ते चट्टे तेव्हा ताजे, फोड फुटून पाणी वाहत होतं, त्याच हातांनी. टेबलावरून ओढला, भिंतीला टेकवला, तोंडातले दात पडेपर्यंत मारला. चौघांनी मिळून सोडवला नसता तर जीव गेला असता, आणि ही गोष्ट सांगताना काका जराही मवाळ होत नसत.

"निलंबन झालं. फोरमनच्या वरची बढती अडली ती अडलीच. मला काय त्याचा पस्तावा नाही," ते म्हणत, आणि मग हातांकडे बघत. "हात तोच आहे पण. साहेबाला मारणारा वेगळा अन् दुसरा वेगळा, असं नसतं ना."

त्या 'दुसऱ्या'पाशी गोष्ट थांबायची.

एका लेखकाला मात्र गॅलरीची शिक्षा कधीच झाली नाही. मोहाडकर. त्यांची 'पाच बोटं' ही कादंबरी काकांच्या घरात देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर एकटी असायची. मी ती काकांकडूनच नेऊन वाचली. महिपत नावाचा गवंडी बायकोला, ताराला, मारतो. कादंबरीत दुसरं काही घडतच नाही म्हटलं तरी चालेल. तो मारतो, ती संसार करते, मुलं वाढतात. पुढे महिपत म्हातारा होतो, मारायचं थांबतं. शेवटी तो अंगणात घसरून पडतो आणि उठण्यासाठी ताराकडे हात पसरतो. तारा त्या हाताकडे बघते आणि आत निघून जाते. संपली कादंबरी. पुस्तक परत द्यायला वर गेले. मी काकांना म्हटलं, "फार कठोर शेवट आहे हो."

"बराबर आहे," ते म्हणाले. "काना-मात्रा इकडचा तिकडे होणार नाही."

याच मोहाडकरांची नवी कादंबरी येणार, आणि ती 'पाच बोटं'चाच पुढचा भाग, अशी बातमी आली तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. इतकी वर्षं गप्प बसलेला लेखक पुन्हा महिपत आणि ताराकडे वळला होता. नव्या पुस्तकाचं नाव होतं 'सायंसावली'. नाव ऐकून मी नाक मुरडलं तर काका माझ्यावरच खेकसले. "नाव प्रकाशकाने ठेवलं असेल. माणूस आपला आहे."

पुस्तक कुरियरने आलं. मी तळमजल्यावर राहायची, गॅलरीतले काका मला खालून दिसत. पहिल्या दिवशी पाय दुमडून वाचत होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय जमिनीवर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते कठड्याला धरून नुसते उभे होते, आणि पुस्तक हातात मिटलेलं होतं. मी स्कूटर बाजूला घेतली, मान वर करून थांबले. पुस्तक काही खाली आलं नाही. थोड्या वेळाने काकाच खाली आले, जिन्याने, एकेक पायरी उतरत.

"हे तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "माझ्या घरात नको."

"एवढं वाईट आहे?"

"वाच." ते माझ्या ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तारा मरायला टेकते. अन् महिपतचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवते. म्हणते, 'मी सगळं विसरले.' आखी कादंबरी त्याचीच तयारी. महिपतला लहानपणी बापाने मारलेलं, महिपत आतून हळवा, महिपत एकटा. मोगऱ्याची फुलं पण आहेत. त्याच माणसाने लिहिलंय, वर्षा. त्याच हाताने."

"मग फेका की," मी म्हटलं. "मी सरकते बाजूला."

"फेकलं तर सुमन उचलून आणणार. अन् वाचणार. तिला वाटेल मी माफी मागतोय."

मग त्यांनी सांगितलं. खाली बघून, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात. लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत ते काकूंना मारायचे. दारू नव्हती, संशय नव्हता, कारण म्हणावं असं काहीच नव्हतं. जेवण थंड असलं तर, पोर रडलं तर. एकदा कानाखाली मारली आणि काकू जमिनीवर बसल्या त्या बसल्याच. डाव्या कानातून रक्त आलं. तो कान कायमचा गेला. काका नेहमी काकूंच्या उजव्या बाजूनेच चालतात, रिक्षात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, हे मी पाहिलं होतं. मला ती जुन्या वळणाची अदब वाटली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याच्या बसमध्ये कुणीतरी विसरलेलं 'पाच बोटं' त्यांना सापडलं. वेळ घालवायला वाचायला घेतलं. "शेवटचं पान कँटीनमध्ये वाचलं," काका म्हणाले. "ती आत निघून जाते, तिथे ताट तसंच सोडून उठलो. घरी आलो. तेव्हापासून तिच्यावर हात नाही उचलला. ते पुस्तक माझ्या घरात पहारा देतं. अन् आता हा म्हणतो, काही नव्हतं, म्हातारपणी सगळं मिटतं." त्यांनी मूठ ओट्यावर अशी आपटली की कुंडी हलली. "कुलूप ताराचं होतं! याने कटर लावला!"

मी 'सायंसावली' वाचली. खरं सांगायचं तर रडले. पुस्तक सुरेख लिहिलेलं होतं, शेवटच्या प्रकरणाला माझा पदर ओला झाला आणि बरंही वाटलं. वर जाऊन हे काकांना सांगायची माझी हिंमत मात्र झाली नाही.

रडणारी मी एकटी नव्हतेच. आमचं रविवारचं वाचक मंडळ आहे, काकाही त्यात होते. दर रविवारी सकाळी कुणा एकाच्या घरी जमायचं आणि पुस्तकावर बोलायचं. त्याचे दोन नियम फार जुने आहेत. एक, चहा येईपर्यंत पुस्तकाचे फक्त गुण सांगायचे, दोष चहानंतर. दुसरा, मंडळाच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं, त्यावर नाव न लिहिता फक्त नंबर टाकायचा, म्हणजे नाव बघून कुणी पुस्तक टाळत नाही. त्या रविवारी चहा आला, प्याला गेला, तरी 'सायंसावली'चा एकही दोष कुणाला सापडेना. काका कोपऱ्यात गुडघ्यांवर मुठी ठेवून बसले होते. अध्यक्ष दिघेसरांनी त्यांना विचारलं, "शेलार, तुमचे तर लाडके लेखक! बोला."

"चहा गार झालाय," काका म्हणाले आणि उठून गेले.

मंडळाने उत्साहाच्या भरात मोहाडकरांनाच बडोद्याला बोलावलं. एका शाळेचा हॉल घेतला. मला वाटलं काका येणार नाहीत. ते आले. इस्त्रीचा सदरा, काकू सोबत. दुसऱ्या रांगेत काकूंच्या उजव्या बाजूला बसले. मी मागच्या रांगेत होते आणि मला त्यांची मान दिसत होती. ती आधीच लाल झाली होती.

मोहाडकर बारीक, थकलेले गृहस्थ निघाले. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. वाईट माणूस मुळीच वाटला नाही. ते म्हणाले, "तरुणपणी मी फार कठोर लिहिलं. आता सत्तरी ओलांडल्यावर कळतं, बायका शेवटी माफ करतात. त्यांच्या क्षमेवरच आपले संसार उभे आहेत." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बऱ्याच बायकांनीही वाजवल्या.

काका उठले. खुर्ची मागे पडली ती माझ्या गुडघ्यावर. ते सरळ व्यासपीठाकडे चालत निघाले.

"चावी कुणी दिली तुम्हाला?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

मोहाडकरांना अर्थातच काही कळलं नाही. "काय म्हणालात?"

"चावी! ताराची! कुणी दिली?"

दिघेसरांचा जावई निखिल स्वयंसेवक म्हणून पायऱ्यांपाशी उभा होता. भला मुलगा. त्याने "काका, प्लीज, हवे बसो, आता बसा," म्हणत त्यांचा दंड धरला. काकांनी वळून बघितलंही नाही. नुसता हात मागे मारला, कोपरातून, पूर्ण ताकदीने. हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत आला. निखिल खुर्च्यांवर कोसळला आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार पांढऱ्या कुडत्यावर उतरली. त्याच्या धक्क्याने समई आडवी झाली, तेल सतरंजीवर पसरलं. बायका किंचाळल्या. कुणी "पोलीस बोलाव" ओरडत होतं. काका दोन पायऱ्या एकदम चढून वर गेले, डाव्या मुठीत मोहाडकरांचा सदरा धरला आणि त्या म्हाताऱ्याला खुर्चीतून उचलला. सदऱ्याची बटणं तुटून उडाली. काकांचा उजवा हात वर गेला, पंजा उघडा, पाचही बोटं ताठ. मला तो हात अजून दिसतो. त्या हातासमोर एकदा काकू उभ्या होत्या, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

मोठ्याने नाही. जेवायला वाढलंय हे सांगताना म्हणतात तसंच. पण तो हात वरच्या वर थांबला. खाली येईना आणि मागेही जाईना.

काकू उठल्या, पदर सारखा केला आणि सांडलेलं तेल चुकवून पायऱ्या चढल्या. त्यांनी काकांच्या हाताला स्पर्श केला नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. मोहाडकरांकडे वळल्या, आणि नीट ऐकू यावं म्हणून उजवा कान त्यांच्याकडे केला.

"मी तुमची दोन्ही पुस्तकं वाचली," त्या म्हणाल्या. "नवं पण वाचलं. मंडळाचं होतं, खाकी कव्हरातलं. घरीच बसून वाचलं, यांच्यासमोर."

काकांची मूठ सुटली. मोहाडकर मटकन खुर्चीत बसले.

"पहिलं खरं होतं," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यातली तारा माझ्या ओळखीची नाही. माझा हा कान यांनी फोडला. मी माफ केलेलं नाही. करणार पण नाही. आणि हे मागत नाहीत. तेवढ्यावर आमचं चाललंय. ते तुम्ही कशाला मिटवायला आलात?"

निखिलच्या नाकातून येणारा फुरफुर आवाज तेवढा ऐकू येत होता. मोहाडकरांनी बटणं तुटलेल्या सदऱ्यावर हात धरला होता. ते फार हळू म्हणाले, "बाई, मग मी काय लिहायला हवं होतं?"

"ते तुम्हाला आधी माहीत होतं," काकू म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

त्या संध्याकाळी मंडळाने काकांना काढून टाकलं. माझी त्यावर काही तक्रार नाही. निखिलचं नाक तीन तुकड्यांत मोडलं होतं. पोलिसांत मात्र कुणी गेलं नाही, आणि त्याचं कारण निखिल स्वतः. दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मी सोबत होते, कारण काकूंनी मला पाठवलं होतं. दिघेसर शिव्या देत होते. काका ऐकत राहिले आणि मग निखिलला म्हणाले, "मी मारलं. तू काही केलं नव्हतंस. माफी मागायला नाही आलो, ती तुझी गोष्ट. ऑपरेशनला मी सोबत येतो. बाहेर बसतो." आणि खरोखरच दवाखान्याच्या बाकावर ते दिवसभर बसले, पाण्याचा घोटही न घेता. निखिल बाहेर आल्यावर त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. काकांनीही अपेक्षा केली नाही.

खरी शिक्षा त्यांना घरी झाली. काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. इतकी वर्षं न उचललेला हात त्या दिवशी पुन्हा उठला होता, आणि रक्त निघालं होतं. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्ही काकूंसाठीच चिडला होता ना?" ते म्हणाले, "महिपत पण असंच सांगतो दुसऱ्या पुस्तकात." आणि वर निघून गेले. त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक फेकल्याचं मला आठवत नाही. गॅलरीत रिकामे उभे असत, आणि आमच्या स्कूटरी सुरक्षित राहिल्या.

पुढे त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. दिसणं झपाट्याने कमी झालं आणि मुलीने दोघांनाही तरसालीला आपल्याकडे नेलं. जाताना मी 'सायंसावली' परत देऊ का म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. तुला आवडलंय." त्यांना ते कसं कळलं कोण जाणे.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला तरसालीला गेले होते. मुलगी कामावर गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका खाटेवर बसले होते. पूर्ण आंधळे झालेत आता, आणि खांदे उतरलेत. काकू शेजारी खुर्चीवर, काका त्यांच्या उजव्या बाजूला येतील अशी खुर्ची लावून. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर 'पाच बोटं'. वाचून दाखवत होत्या. मी आल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि मी चपला काढून दारातच उभी राहिले.

शेवटचं पान चाललं होतं. महिपत अंगणात पडलाय, उठता येत नाही. काकांनी दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यावर वजन देऊन बसले. महिपत हात पसरतो. काकूंचा आवाज जराही बदलला नाही. तारा हाताकडे बघते. तारा आत निघून जाते.

काकूंनी पुस्तक मिटलं. काकांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात मांड्यांखाली असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. काकूंनीही पुसलं नाही.

"बराबर," काका म्हणाले. मग, "फरीथी."

काकूंनी पुस्तक उघडलं आणि शेवटचं पान पुन्हा वाचायला घेतलं.